चोर्ला घाट आणि धुरकटलेली काच

जुलैत बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालो की गाडीची पुढची काच आतून धुरकटते आणि शेजारी बसलेला माणूस ती फडक्याने पुसू लागतो. मला हे धोक्याचे वाटते, कारण पुसलेली काच थोड्याच वेळात पुन्हा आंधळी होते. आपल्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प थंड काचेवर साचत असते, म्हणून हवाच कोरडी करायला हवी. एसी सुरू केल्यावर हवा प्रथम थंड जाळीवरून जाते, तिथे तिच्यातील पाणी गळून गाडीखाली ठिबकते, आणि तापमानाचे बटण लाल बाजूला फिरवलेले असेल तर आतली झडप तीच कोरडी हवा इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणाऱ्या हीटरमधून वळवते. एसी आणि हीटर एकत्र चालवणे चुकीचे नाही, हे माझ्या थोरल्या भावाला पटायला दोन पावसाळे लागले. आतलीच हवा फिरवणारे बटण मात्र बंद ठेवावे आणि झोत काचेकडे वळवावा.

काच बाहेरून धुरकटली असेल, तर गार झोतानेच ती अतिथंड झालेली असते. तेव्हा वायपर फिरवावा आणि तापमान थोडे वाढवावे.