जोड्या लावा

परीक्षेच्या पेपरातला ‘जोड्या लावा’ हा प्रश्न माझा फार लाडका. निबंधासारखी पानं भरायला नकोत, गाळलेल्या जागांसारखं छताकडे बघत बसायला नको. अ गटातून ब गटाकडे रेघ ओढली की काम झालं. एकच वांधा, एक जोडी चुकली की आणखी एक कुठली तरी चुकणारच.

हल्ली हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात रोज सोडवला जातो. सोडवणाऱ्या बाईसाहेब साडेतीन वर्षांच्या. खालच्या खणातले सगळे डबे एकीकडे, झाकणं दुसरीकडे आणि मधोमध आमची नात फतकल मारून बसलेली. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण ती आइस्क्रीमच्या डब्यावर ठेवते. आधी बोटांनी दाबते, मग तळहातांनी, मग उठून त्यावर चक्क बसते. तरी बसलं नाही की ते बाजूला भिरकावून दुसरं घेते. मी भाजी चिरत असते, एक अक्षर बोलत नाही. चुकलंय हे झाकणानंच तिला सांगितलेलं असतं, आजीनं सांगितलं असतं तर भोकाड पसरलं असतं.

बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी मुलांसाठी बनवलेल्या खेळ-साहित्यात दट्ट्यांची पेटी असते, तिच्यात हीच गंमत आहे. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एखादा भलत्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा काही केल्या बसत नाही आणि मूल आपणहून मागे जाऊन शोधतं, कुठे गडबड झाली ते. बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहानग्यांची शाळा, काढलं. पुढे हे साहित्य जगभर गेलं, पण ते सुबक तितकंच महाग. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या, तेव्हा खेड्यातल्या बालवाडीला हा खर्च झेपणार कसा? त्यांनी मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूच शिकवायला घेतल्या. लोक यात काटकसर बघतात. मला विशेष वाटतं ते वेगळंच. समुद्रकाठच्या पोराची शिंपल्याशी ओळख बालवाडीत यायच्या आधीचीच असते.

विकतचे खेळ आमच्याकडेही आहेत, आत्या-मावश्यांनी वाढदिवसाला दिलेले. लाल चकती लाल काठीत, निळी निळ्या काठीत. दोन दिवसांत पोरीला पाठ झालं, तिसऱ्या दिवशी ती काठी बाहुलीला मारायला निघाली. खेळाला उत्तरच एक, मग दुसरं काय करणार?

याउलट सासूबाईंचा बटणांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तो, झाकण उघडताना अजून किंचाळतो. शर्टाची पांढरी, कोटाची जाडजूड, फ्रॉकची फुलाफुलांची, मागे कडी असलेली सोनेरी. सोबत अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे दिला की दुपारची निश्चिंती. निश्चिंती म्हणजे शेजारी बसूनच हं. बटणं काय आणि वाल-वाटाणे काय, या वयात नाक हाही एक कप्पाच असतो. आमच्या भाच्यानं त्यात वाटाणा ठेवला होता आणि तो काढायला रात्री डॉक्टरांना उठवावं लागलं होतं.

तर, ती बटणं रंगावर लावेल अशी माझी अटकळ. तिनं रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन भोकांची एका कप्प्यात, चार भोकांची दुसऱ्या. कडीवाली सोनेरी बटणं उचलून मला परत दिली.

“ही का गं नकोत?”

“आजी, त्यांना भोकंच नाहीत!”

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. धुतलेली भांडी पुसून लावताना मी चमचे एकीकडे, डाव-पळ्या एकीकडे ठेवत होते. तिनं झारा उचलला आणि ओट्यावरच्या गाळणीशेजारी नेऊन ठेवला. मग किसणी आली. पिठाची चाळणी आली. पुरणयंत्राची जाळी मी माळ्यावरच्या डब्यात ठेवली होती, तीही आठवणीनं मागून घेतली. पन्नास वर्षं स्वयंपाकघरात वावरले, पण झारा आणि किसणी एका जातीची हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. इडलीपात्राच्या ताटल्यांपाशी मात्र ती अडली. भोकं आहेत, पण खळगेही आहेत. बराच वेळ बोट घालून तपासून शेवटी त्यांना रांगेत घेतलं, पण जरा लांब.

तेवढ्यात आजोबा चहा मागायला आत आले. तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं आणि बनियनचं टोक धरून थेट चाळणीशेजारी नेऊन उभं केलं.

मी त्यांना नवीन बनियन घ्या म्हणून केव्हाची सांगतेय.