आबांच्या टांग्याचा साज

मागच्या रविवारी मिरजेच्या घराचा माळा आवरताना पोत्यात बांधलेला आबांच्या टांग्याचा साज सापडला. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, वाकवून बघायला गेलो तर चामड्याला कडकन चीर गेली, मग हातच लावला नाही. आता रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं, सावलीत सुकवायचं आणि थोडं थोडं तेल मुरवायचं असं चाललंय.

लगाम, झापडं, घुंगरं लेकीनं लगेच ओळखली. पण एक रुंद पट्टा हातात घेऊन म्हणाली हा कशाचा? तो घोड्याच्या मागून, मांड्यांवरून फिरतो. आमच्या टांग्याला वेगळा ब्रेक नव्हता, उतारावर गाडी पुढं रेटायला लागली की घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या पुढं सरकतात, हा पट्टा ताणला जातो आणि घोडा अंग मागं टाकून गाडी थोपवतो. हा पट्टा नसेल तर गाडी सरळ घोड्याच्या पायांवर येणार.

छातीच्या पट्ट्यावर आबांचा फार जीव. वर चढला तर नरडं दाबतो, खाली घसरला तर खांदा अडतो आणि घोडा मोकळं पाऊल टाकू शकत नाही, म्हणून बांधून झाल्यावर ते पट्ट्याखाली सपाट हात घालून एकदा पूर्ण फिरवायचे आणि मगच स्टेशनला निघायचे.

आणि भार! टांगा दोन चाकांचा, सगळा खेळ तोलाचा. मागच्या सीटवर जड माणसं बसली की दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा आवळतो, पुढं जास्त झाली की तेच वजन खोगिरावरून घोड्याच्या पाठीवर येतं. "पाव्हणं, जरा म्होरं सरका की" हे आबा दिवसातून किती वेळा म्हणत असतील, लहानपणी मला वाटायचं गर्दी करायला सांगतायत.

परवा एका लग्नात बग्गी होती. वरून जरी, आरसे, तुरा सगळं झकास, पण मी जवळ जाऊन पट्टा उलटून बघितला तर आतून नायलॉनची पट्टी, घामाचं मीठ वाळून खरखरीत झालेली आणि खाली कातडी सोललेली. खूप राग आला. रोज पुसला असता, आत मऊ कापड लावलं असतं तरी पुरे होतं. काटेरी लगाम किंवा जखमा करणारा साज वापरायला तर 1965 च्या केंद्राच्या नियमांतच मनाई आहे. 2015 मध्ये हायकोर्टानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या तेव्हा टांगेवाल्याचा नातू म्हणून वाईट वाटलं होतं, परवा ती बग्गीची घोडी बघितल्यावर मात्र निकाल पटला.

तंगाला कारखान्याची भोकं सहा आहेत. त्याच्यापुढं आबांनी आरीनं पाडलेली आणखी दोन, थोडी वाकडी. शेवटची घोडी म्हातारपणी वाळत गेली तशी ती पाडलीत.