तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं प्लगइन अर्धंच का?

"ताई, सीआरएम आणि विकी एवढा खर्च करून जोडून घेतलंत, मग विकीवर शेतकऱ्याचा साधा फोन नंबर का दिसत नाही?" आम्ही शेतकऱ्यांचे सौर पंप दुरुस्त करतो. सीआरएम म्हणजे ग्राहकांची माहिती आणि तक्रारी ठेवायचं सॉफ्टवेअर, विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून वाचायची-लिहायची ऑनलाइन पानं, आणि प्लगइन म्हणजे या दोघांना जोडणारा जोडतुकडा. यवतमाळला डीलर भेटले की हे विचारतात, वणीहून फोन करून विचारतात, आणि हिंजवडीत नोकरीला असलेला माझा भाचा दर दिवाळीला विचारतो. भाच्याचा प्रश्न जरा लांबलचक असतो. प्लगइन दोन्ही बाजूंनी चाललं पाहिजे, विकीवर बदललं की सीआरएममध्येही बदललं पाहिजे, नाहीतर घेतलंच कशाला, असं त्याचं म्हणणं. एकदा सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच फॉरवर्ड करीन.

सौर पंप, सरकारी योजना, शेतकऱ्यानं भरायचा किमतीचा दहा टक्के वाटा (अनुसूचित जाती-जमातींना पाच) हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. पांढरकवड्याच्या बाजूला रात्रीच्या लाइनीवर ओलीत करायला माणूस का धजत नाही, हे तर २०१८ च्या त्या नरभक्षक वाघिणीनंतर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. पंप दिवसा चालतो म्हणून त्याला मागणी, आणि पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराच्या गळ्यात म्हणून आमच्यासारख्या सर्व्हिसवाल्यांची चूल पेटते.

सीआरएममध्ये आमच्या तक्रारी असतात: कुणाचा पंप, कधी बसवला, काय बिघडलं, फोनवर कोण काय बोललं. विकीवर मेकॅनिकांचं डोकं असतं. एकच उदाहरण देते. "मोटर फिरते पण पाणी कमी येते" अशी तक्रार आली की नवा पोरगा सरळ बोअरमधून मोटर काढायला निघतो. खरं म्हणजे केबल जोडताना तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पाणी येतं, पण जोर नसतो. कंट्रोलरवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्यावर, मोटरच्या त्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या की काम संपलं. हे आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकला पाठ होतं, म्हणजे रविवारी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून विकी केली. त्याच्याकडून वदवून घेतलं, मी टाइप केलं, आणि सगळ्यांना वाचायची आणि दुरुस्त करायचीही मुभा दिली. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "जेवढ्यांना दिसेल तेवढं काम सोपं." ते वाक्य अजून काढलेलं नाही. का काढलं नाही, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मग दोन्ही जोडायचं डोक्यात आलं. विकीच्या पानावर प्लगइनचा एक छोटा तुकडा टाकायचा, त्यात अट लिहायची, की पान उघडलं रे उघडलं की त्या मॉडेलच्या चालू तक्रारींची यादी सीआरएममधून आपोआप खाली येते. मेकॅनिक एरर कोडचं पान उघडतो, आणि आणखी कुणाकुणाकडे हाच कोड आलाय ते तिथंच दिसतं. नागपूरहून एक जण आला, एका दुपारीत बसवून गेला. आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले.

आता मुद्द्याचं सांगते. भाच्याला हे पटत नाही, पण तो कधी कुणाच्या वावरात उभा राहिलेला नाही.

हरभऱ्याच्या पहिल्या ओलिताचे दिवस होते. केळापूर तालुक्यातलं एक गाव, नाव सांगत नाही. कंट्रोलर ड्राय रन दाखवून बंद पडत होता, म्हणजे विहिरीत पाणी असूनही मोटर "कोरडी आहे" म्हणून थांबायची. आमचा पोरगा गेला. सेन्सरची वायर तपासता तपासता त्याचे हात ग्रीसनं भरले. विकीचं पान मोबाइलवर उघडं होतं, मोबाइल त्यानं शेजारी उभ्या असलेल्या घरधन्याच्या भावाकडे दिला आणि म्हणाला, "भाऊ, खालचं वाचा जरा, पुढं काय करायचं लिहिलं हाय?" भावानं बोटानं पान वर सरकवलं. खाली यादी होती. यादीत त्याच्याच घराचं नाव होतं, आणि नावापुढं शेवटच्या फोनचं टिपण होतं, माझ्या हातचं: "वाटा भरायला वहिनींनी एकदाणी गहाण ठेवली आहे. घरी माहीत नाही. जादा पाइपचे पैसे सध्या मागू नयेत."

त्यानं ते वाचलं. मोठ्यानं. "घरी माहीत नाही" हेसुद्धा. सासरे धुऱ्यावर होते, दोन शेजारी होते.

संध्याकाळी त्या वहिनीचा फोन आला. "मी तुमाले सांगतलं होतं वो ताई, कंपनीले नाई." मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. दोन दिवसांनी मी आणि हे जाऊन आलो. सासूबाईंनी चहा दिला, पंप बरा चालतो म्हणाल्या. ती बाहेर आली नाही.

तुम्ही म्हणाल, टिपण लिहिलंच कशाला. आमचे हेही तेच म्हणतात. पण ते टिपण नसतं तर ऑफिसातल्या पोरीनं पाइपच्या पैशांसाठी त्याच नंबरवर फोन केला असता, आणि तो सासऱ्यांनी उचलला असता. टिपण सीआरएममध्ये होतं आणि तिथं ते दोघींनाच दिसायचं, मला आणि त्या पोरीला. मेकॅनिकांना सीआरएमचं लॉगिनच नव्हतं. मी लपवायला हवं तिथंच लपवलं होतं, एवढं तरी म्हणू द्या.

मग ते बाहेर कसं आलं? हे कळायला मला नागपूरच्या माणसाला फोनवर चांगलंच पिळावं लागलं. प्लगइन सीआरएममध्ये एकाच खात्यानं शिरतं. ते खातं होतं मालकाचं, म्हणजे आमचंच, सगळं पाहू शकणारं. विकीवर पान कोण उघडतंय याच्याशी सीआरएमला देणंघेणं नाही; त्याला वाटतं मालकच विचारतोय. सीआरएमनं कुणाला काय दाखवायचं यासाठी केलेली सगळी विभागणी त्या एका खात्यातून वाहून जाते. विकी म्हणजे पार, तिथं सगळ्यांनी बसायचं, आणि पारावर आम्ही घरातली पेटी आणून उघडी ठेवली.

त्याहून वाईट पुढेच होतं. आणखी कुणी काय काय वाचलं ते शोधायला बसले. विकीच्या पानाचा इतिहास पाहिला, तिथं यादीचा मागमूस नाही, कारण यादी पानात साठत नाही, पान उघडताना ओढली जाते. सीआरएमची नोंदवही पाहिली, तिथं प्रत्येक वेळी एकच नाव, मालकाचं. म्हणजे लिहिलेलं आम्हीच, वाचलेलंही आम्हीच.

नागपूरवाला म्हणतो, प्लगइनच्या सूचनेत होतं तसंच केलं. त्याचंही खोटं नाही. भाचा म्हणतो, प्रत्येक मेकॅनिकला स्वतःच्या लॉगिननं जोड, मग ज्याला जेवढा अधिकार तेवढंच दिसेल. हेही बरोबर. पण सीआरएमचं भाडं माणशी, महिन्याला असतं, आणि आमचे मेकॅनिक सहा. पुरवठादाराकडून सर्व्हिसचे पैसे किती वेळेवर येतात ते तुम्ही आम्हाला विचारू नका, आम्ही तुम्हाला विचारत नाही. भाचा मग २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा काढतो: ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामापुरती वापरा. मी त्याला विचारलं, वहिनीनं ती गोष्ट कुठल्या कामासाठी दिली होती रे? तिला कुणाशी तरी बोलायचं होतं. यावर त्याच्याकडे कलम नाही.

म्हणून आज जे आहे ते असं. प्लगइनला स्वतंत्र खातं दिलं. त्याला चारच गोष्टी दिसतात: तक्रार क्रमांक, गाव, मॉडेल, एरर कोड. नाव नाही, फोन नाही, टिपण नाही. लिहायचा अधिकार अजिबात नाही, कारण विकीवरून कुणीही तक्रार "पूर्ण" करून टाकली तर नोंदीत नाव येणार प्लगइनचं, आणि मी जाब कुणाला विचारायचा?

यानं काम अडतं, हे मान्य. नंबर हवा असेल तर मेकॅनिकला ऑफिसला फोन लावावा लागतो, आणि झरी जामणीच्या आतल्या गावांत फोन लागतोच असं नाही. ऑफिस बंद झाल्यावर पोरगा फाट्यावर गाडी लावून बसलाय आणि शेतकरी तिकडे वाट पाहतोय, असं झालंय, परत होईल. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, एका घरच्या भांडणासाठी साऱ्या गावांचं पाणी अडवतेस. तिला माझ्याकडे उत्तर नाही. तिनं ती संध्याकाळ पाहिली नव्हती, एवढंच म्हणता येईल.

आणि खरं सांगायचं तर गळती थांबलीय कुठे? ऑफिसातली पोरगी घाईत असली की सीआरएमच्या अख्ख्या पानाचा फोटो काढून मेकॅनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. टिपणासकट. मी दोनदा रागावले. ती म्हणाली, "ताई, मंग कामं कशी व्हाची?" आता मी टिपणांत काही लिहिलं की आधी ग्रुप आठवतो, म्हणून अर्ध्या गोष्टी लिहीतच नाही. त्या माझ्या डोक्यात राहतात. रविवारी मी नसते.

मार्चमध्ये सीआरएमचं भाडं पुन्हा भरायचंय. थकलेले पैसे आले तर दोन मेकॅनिकांना तरी स्वतःचं लॉगिन घेऊन द्यावं असा विचार आहे. हे म्हणतात सगळ्यात जुन्याला द्या, मी म्हणते झरीच्या बाजूला जातो त्याला द्या, आणि जुन्या मेकॅनिकनं आधीच सांगून ठेवलंय की त्याला पासवर्ड लक्षात राहत नाही.