कापडी पंख आणि भिंतीचा रंग

भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी एका आसनाचे, लाकडी सांगाड्याचे आणि कापडाने मढवायचे विमान बांधायला घेतले. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण ते उडेल का, एवढेच विचारतो. विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएची नोंदणी आणि उड्डाणाचा परवाना मिळेपर्यंत त्यावर काही बोलण्यात अर्थ नाही, आणि तो दिवस अजून लांब आहे. माझ्या डोक्यात मात्र गेली दोन वर्षे निराळाच प्रश्न घोळतो आहे, तो म्हणजे या कापडाला रंग कोणता द्यावा. अमेरिकेतील काही हौशी विमानबांधणी करणारे लोक घराच्या बाहेरच्या भिंतीला देतात तो ॲक्रिलिक इमल्शन सरळ पंखांना लावतात, असे कळल्यावर मला प्रथम हसू आले. नंतर विमानाच्या खास रंगप्रणालीचा आयातीसह हिशेब मांडला, तेव्हा ते हसू मावळले.

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो पॉलिस्टरमुळे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावर साधी मलमल होती आणि तिला कसलाही लेप नव्हता. पुढे कापडावर डोप देण्याची रीत पडली. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेले सेल्युलोजचे संयुग. ते वाळताना आकसते आणि सुती वा लिननचे कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताणून धरते. विमानासाठीचे ‘ग्रेड ए’ सुती कापड नवे असताना एक इंच रुंदीच्या पट्टीवर ८० पौंडांचा ताण सहन करते आणि ती ताकद ५६ पौंडांच्या खाली गेली की ते उतरवावे लागते. आमचा मुलूख कापसाचा, त्यामुळे सुती पंखाचा मोह मला झाला नाही असे नाही. पण सुती कापडावर भिंतीचा रंग निरुपयोगी ठरतो, कारण तो कापड ताणत नाही. पॉलिस्टर मात्र इस्त्रीच्या उष्णतेने, शेवटच्या फेरीत सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, आधीच ताणून घेता येते. मग रंगाकडे दोनच कामे उरतात: विणीची छिद्रे बुजवणे आणि ऊन अडवणे.

त्यांपैकी दुसरे काम आमच्याकडे फार मोठे आहे. पॉलिस्टर कुजत नाही, पण सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचा धागा ठिसूळ होतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत नेणारे ऊन त्यावर दया दाखवील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मान्यताप्राप्त पद्धतीत यासाठी ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला चंदेरी थर देतात. इमल्शन वापरणारे त्याऐवजी पहिला हात काळ्या रंगाचा देतात, कारण त्यातील काजळी हे किरण शोषून घेते. थर पुरेसा झाला की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती दोन्हींना लागू पडते: अंधार करून पंखाच्या आत दिवा लावायचा, बाहेर उजेड दिसला तर आणखी एक हात द्यायचा.

मी सुरुवात रडरपासून, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या भागापासून केली. गल्लीतील एका अनुभवी रंगाऱ्याला मदतीला बोलावले, तर त्याने ताणलेल्या कापडावर टिचकी मारून विचारले, “आप्पा, हाई काय भित शे का?” त्याची शंका अगदी योग्य होती. भिंत रंग शोषून घेते, पॉलिस्टरचा गुळगुळीत धागा शोषत नाही. म्हणून पहिला हात पाणी घालून पातळ करून, ब्रशने विणीत घुसवावा लागतो, म्हणजे रंग धाग्याला वेढून बसतो. तो फार पातळ झाला तर पलीकडे ओघळतो आणि ओघळ आतल्या बाजूला तसेच वाळतात. आम्ही पहाटे पाचला काम सुरू करून आठच्या आत थांबवत असू, कारण त्यानंतर ब्रशचा एक पट्टा संपेपर्यंत आधीचा वाळून जाई आणि जोड स्पष्ट दिसत. डोपची अडचण याच्या उलट आहे. दमट पावसाळी हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओलावा धरतो आणि थर दुधासारखा पांढुरका पडतो. शिवाय नायट्रेट डोप भडकन पेटतो आणि त्याची वाफ छातीत भरते. पहिल्या महायुद्धात डोपमधील टेट्राक्लोरोइथेन या द्रावकामुळे कारखान्यांतील कामगार स्त्रियांना कावीळ होऊन काहींचा जीवही गेला होता. इमल्शनची बादली उघडून शेजारी बसून चहा पिता येतो, हे सुख लहान नाही.

वजनाचा हिशेब मी रंग लावण्याआधी केला. माझ्या विमानाचा रंगवायचा भाग सुमारे ४० चौरस मीटर आहे. लिटरभर रंगात १० चौरस मीटर धरले, लिटरचे वजन १.३ किलो मानले आणि त्यातले निम्मे पाणी होऊन उडून जाते असे समजले, तर एका हाताचे अडीच किलो आणि तीन हातांचे जवळजवळ आठ किलो होतात. एकासनी विमानाला ते जड असले तरी परवडेल. खरी भीती आहे रडर, शेपटीवरचा आडवा एलिव्हेटर आणि पंखांच्या मागच्या कडेचे एलेरॉन यांची. या हलत्या भागांच्या बिजागरीमागे वजन वाढले की वेगात ते फडफडू लागतात आणि ती फडफड क्षणात पंख मोडू शकते. रंगाचा जादा हात तिथे केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

(कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले विमान चाचणीसाठी आमच्या खान्देशातच, धुळ्याला आले, त्याचा मला अभिमान आहे, पण ते धातूचे असल्यामुळे या बाबतीत त्याचा मला उपयोग नाही.)

रडर छान दिसत होता. मग एका दुपारी शेडमधली शिडी घसरून त्यावर पडली आणि कापडाला वीतभर चीर पडली. डोप किंवा विमानाचा खास लेप असता तर त्याच्याच द्रावकाने कडेचा थर मऊ करून ठिगळ चिकटवता आले असते. इमल्शन एकदा वाळले की पुन्हा विरघळत नाही. थिनर लावताच त्याचा रबरासारखा लगदा झाला, आणि कापडाला धक्का न लावता चार बोटांची पट्टी खरवडण्यात माझा अख्खा दिवस गेला. पुढे कधी पंख तपासायचा झाला, तर तेव्हाही हेच करावे लागेल.

त्यामुळे मी आता वाटणी केली आहे. कापड सांगाड्याला चिकटवण्यासाठी आणि हलत्या भागांसाठी विमानाचेच साहित्य वापरायचे, मग ते कितीही महाग पडो. धड आणि पंख यांना काळा व त्यावर पांढरा इमल्शन द्यायचा, आणि त्याच रंगाच्या दोन चौकटी गच्चीवर उन्हात ठेवून दर उन्हाळ्यानंतर त्यांतले कापड ताणून, फाडून पाहायचे. रडरचे कापड मी पूर्ण उतरवले आहे. सांगाडा पुन्हा वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा बिजागरीजवळच्या फळीवर आत ओघळून वाळलेला काळा रंग दिसला. तो अजून खरवडायचा आहे.