लेकीचे गुडघे आणि स्टेरॉइडने खाल्लेला महिना

घाईत असाल तर एवढंच वाचा. लहान मुलाला सांधेदुखी म्हणून स्टेरॉइड लिहून दिलं असेल तर पहिली गोळी द्यायच्या आधी विचारा, रक्ताची स्लाइड पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली का, की नुसता मशीनचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आहे. आम्ही विचारलं नव्हतं, आणि सांधेदुखीमागे लपलेला रक्ताचा कॅन्सर उशिरा सापडला.

लेक सहा वर्षांची. आधी गुडघा, मग घोटा, मग कंबर, अधूनमधून ताप. सांधेदुखीत करतात त्या रक्ततपासण्यांत एएसओ नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह, पण अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ९६, म्हणजे खूप वाढलेला. सगळे म्हणाले लहान मुलांचा संधिवात. सांध्याच्या स्पेशालिस्टची तारीख तीन आठवड्यांनंतरची, तोवर पोरीला बघवेना म्हणून एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. दोन दिवसांत ताप गेला, चौथ्या दिवशी पोरगी अंगणात लंगडी खेळतेय! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मी त्या डॉक्टरांना देव म्हणाले, हे लिहायला आता लाज वाटते.

स्पेशालिस्ट बाईंनी जुना सीबीसी बघितला आणि गप्प झाल्या. हिमोग्लोबिन ९.२, प्लेटलेट १ लाख ४० हजार. त्या म्हणाल्या, "ताई, एवढी सूज अंगात असेल तर प्लेटलेट वाढायला पाहिजेत, हिच्या कमी कशा?" दुसरा प्रश्न, रात्री दुखून उठते का? हो, रोजच उठायची, आणि सांध्यापेक्षा नडगीचं हाड दाबलं की जास्त ओरडायची. संधिवातात सकाळी आखडतं आणि दिवसभरात मोकळं होतं म्हणे, आमचं उलटं होतं. कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. एलडीएच केलं (पेशी भराभर मरत असल्या की वाढणारी रक्ततपासणी), ते वाढलेलं. मग बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी.

आणि इथे आम्ही अडकलो. रिपोर्ट आला, निदान करता येत नाही. बाईंना संशय होता ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा; त्याच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, म्हणूनच ते त्याच्या उपचारातलंही औषध आहे, आणि आम्ही तेच दोन आठवडे दिलेलं. अर्धवट मारून ठेवलेल्या रोगाला नाव देता येईना. आता गोळ्या हळूहळू बंद करा, दर तीन-चार दिवसांनी सीबीसी करा आणि वाट बघा. कशाची वाट? तर पोरगी परत आजारी पडायची! ती बागडतेय आणि आपण रोज सकाळी तिच्या पायांवर निळे-जांभळे डाग उठले का, हिरड्यातून रक्त येतंय का बघतोय. लॅबच्या खिडकीवरचा मुलगा मला ओळखायला लागला, तरी रिपोर्ट "संध्याकाळी सातनंतर" आणि सातला गेलं की "सर सही करून गेले नाहीत, उद्या या." नवरा म्हणायचा कदाचित काही नसेलच. मला त्याचा राग यायचा आणि मनात तेच वाटायचंही. विसाव्या दिवशी रात्री ती परत "आई, पाय" म्हणून रडली आणि मी उठून दिवा लावला, खरं सांगू, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, ७८ टक्के. बी-सेल अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मी म्हणाले, "बरं झालं सापडलं." नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

पुढचं सगळं भराभर झालं, त्याबद्दल तक्रार नाही. आता मेंटेनन्स, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणूनचा लांबचा उपचार, चालू आहे, गोळ्या आणि महिन्याची फेरी.

हां, एक राहिलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे नेमकं विचारलं, कारण पहिल्या आठवड्यात स्टेरॉइडला रोग किती दबतो त्यावरही धोक्याचा गट, म्हणजे उपचार किती कडक द्यायचे ते, ठरवतात. चिठ्ठी हरवलेली, मी औषधाच्या डब्यातल्या रिकाम्या स्ट्रिप मोजून सांगितलं. तेव्हा स्ट्रिप टाकू नका. आणि रेशनकार्डात मुलाचं नाव घातलं नसेल तर आजच घालून घ्या, सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर आमच्या पोरीचं नाव नव्हतं.