भुयार नाही, कोठी

जमिनीखाली कुठं पोकळी सापडल्याची बातमी आली की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर एक तरी माणूस म्हणतोच, "त्यात काय एवढं? आपल्या पन्हाळ्यावर हायच की भुयार. डायरेक्ट जोतिबाला निघतंय." ते भुयार त्यानं स्वतः कधी पाहिलेलं नसतं, त्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं. एक शेळी आत शिरली आणि दोन दिवसांनी भलत्याच गावात बाहेर आली, ही गोष्टही ठरलेली. गड बदलतात, शेळी तीच.

२०१६ मध्ये मुंबईच्या राजभवनाखाली इंग्रजांच्या काळातला बंकर सापडला, तेव्हा माझा चुलतभाऊ भलताच खूश झाला होता. कित्येक वर्षं बंद असलेल्या भिंतीमागं तब्बल १३ खोल्या! आत काय असेल याचे त्याचे अंदाज सोन्यापासून सुरू झाले. मग खोल्यांवरची नावं छापून आली : शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, पंप, वर्कशॉप. सांडपाण्याची सोय होती, हवा आणि उजेड यायला झरोके होते. "म्हणजे स्टोअररूमच की रे!" असं म्हणून भावानं पेपर खाली टाकला.

मला मात्र तो पंप फार आवडला. माणसं जिवावर उदार होऊन लपवतात काय, तर पंप.

पन्हाळ्यावर तेच दिसतं. तीन दरवाजाजवळची अंधारबाव बाहेरून साध्या दगडी इमारतीसारखी. आत वळणाच्या पायऱ्या उतरू लागलो की कळतं, हा तीन मजली वाडा एका विहिरीवर बांधलाय. वेढा घालणारा शत्रू पहिल्यांदा पाण्यात विष कालवायला बघणार, म्हणून आदिलशाहीत पाणीच इमारतीत दडवून टाकलं. पहारेकऱ्यांना बसायला भिंतीत कोनाडे, आणि बाहेर सटकायला चोरवाटही आहे. (भाऊ म्हणतो तसं भुयार शोधायचंच असेल तर इथं थोडी आशा आहे. पण ती वाट तटापलीकडं काढते, जोतिबाला नाही.) उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसतच नाही. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास तेवढा येतो. मग एखादा पोरगा मोबाईलची बॅटरी लावतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात, कारण तो ती खाली पाण्यावर न धरता स्वतःच्या तोंडावर धरतो.

अंबरखान्यात तसा थरार नाही, म्हणून तिथं लोक घाईत असतात. गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या कोठ्या. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं म्हणतात. वरी, नागली, भात. खंडी म्हणजे वीस मण, हे पोरांना समजावून सांगेपर्यंत पोरं बाहेर पळालेली असतात. बाजूच्या जिन्यानं धान्य वर चढवायचं आणि छतातल्या भोकांमधून आत ओतायचं. आत उभं राहून वर बघितलं की आपण धान्याच्या जागी उभे आहोत, हे एकदम लक्षात येतं.

अशा कोंडलेल्या जागेत उतरणं गमतीचं नसतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे होते, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तरच माणूस खाली जाणार.

मार्च ते जुलै १६६० शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. आपण गोष्ट सांगताना उडी मारून थेट शेवटच्या पावसाळी रात्रीवर येतो. शिवा काशीद, पालखी, बाजीप्रभू. ती रात्र तेवढ्याच मोलाची आहे, वादच नाही. पण आधीचे ते महिने? गडाच्या दारांच्या किल्ल्या हवालदाराकडं, हिशेब-हजेरी सबनीसाकडं आणि धान्यसामग्री कारखानीसाकडं, अशी महाराजांच्या गडांवरची रीत. त्या वेढ्यातल्या कारखानिसाचं काय चाललं असेल, याचा मला फार विचार पडतो. आज किती माप काढायचं? पाऊस लागला, ओल धरली तर? उंदरांचं काय? आणि रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन हळूच विचारत असणार, अजून किती दिवस पुरंल? त्याला खरं सांगायचं की नाही?

हे मी भावाला कोठीतच ऐकवत होतो. तो भिंतीवर टकटक करून पोकळ आवाज कुठं येतोय ते बघत होता. "काय म्हणालास?" एवढंच बोलला आणि पुढच्या दगडाकडं वळला.