नंबर एकचं लिनक्स आणि सड्यावरची रेंज

आमच्या घरात कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे आहे. आंब्याची बाग नवरा आणि भावोजी बघतात. फवारणी कधी, गडी किती, हा सगळा व्याप त्यांचा. पेट्यांचा हिशोब, गिऱ्हाइकांचे पत्ते, कुरिअरच्या चिठ्ठ्या आणि पेटीवरची लेबलं माझी. हे सगळं २०१४ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालायचं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आणि देवगडच्या खाऱ्या हवेने दोन बटणं रुसलेली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा लॅपटॉप दारातच अडला. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण मग पुढच्या ऑक्टोबरात हाच घोळ परत. बँकेचे व्यवहार ब्राउझरमधून होतात, तेव्हा अपडेट नसलेलं मशीन वापरायला जीव धजेना. सासऱ्यांचं मत वेगळं होतं. "चलता हा ना? मगे कित्याक हात लावतंस तेका?"

हात लावला तो दिवाळीत पुतण्या पुण्याहून आल्यावर. तो इंजिनियरिंगला आहे. येताना पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकून घेऊन आला होता, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर पाच-सहा लिनक्स ठेवायची आणि मशीन चालू करताना हवं ते निवडायचं. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची खुली सिस्टीम. तिचे बरेच प्रकार निघतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात.) कणकवलीहून एक एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, आणून त्यानेच बसवली. (ज्याचा लॅपटॉप जुना आहे त्याने बाकी काही केलं नाही तरी एवढं करावं. निम्मं दुखणं तिथेच जातं.) मग खळ्यात बसून त्याने फोनवर डिस्ट्रोवॉच नावाच्या साइटवरची डिस्ट्रोंची क्रमवार यादी काढली. "काकी, हे बघ. वरच्या नंबरातलं घेऊया, उगाच जुनाट नको."

यादीत सगळ्यात वर तेव्हा कॅशीओएस होतं. त्याआधी बरीच वर्षं एमएक्स लिनक्स वर होतं म्हणे. मिंट, डेबियन हीसुद्धा वरच्या घोळक्यात. प्रत्येक नावापुढे एक आकडा. आंब्याच्या धंद्यात असल्यामुळे आकडा दिसला की मी पहिल्यांदा विचारते, हा कशाचा? डझनाचा की पेटीचा?

पुतण्याला पटकन सांगता आलं नाही. मग दोघांनी मिळून वाचलं. तो आकडा होता, त्या साइटवरचं त्या डिस्ट्रोचं पान दिवसाला किती जणांनी उघडलं याचा. एका आयपी पत्त्यावरून दिवसात एकदाच मोजतात. बस. किती जणांनी उतरवून घेतलं, किती जणांनी बसवलं, किती जणांनी महिन्याने काढून टाकलं, यातलं काही त्यात नाही. आणि यावरून वापर किंवा दर्जा ठरवू नका असं ती साइट स्वतःच लिहिते. म्हणजे काचेतून किती जण डोकावले ते मोजलं, आंबा कोणी खाल्ला का ते नाही. ज्याचं बस्तान बसलं तो परत डोकवायला कशाला येईल? केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेलं त्यांचं स्वतःचं लिनक्स चालतं, ती पोरं काही सकाळी उठून या यादीवर जात नाहीत. उलट टोकाला, गेमवाल्यांची स्टीम दर महिन्याला पाहणी करते, त्यात लिनक्सवाल्यांत स्टीमओएस वर दिसतं, कारण स्टीम डेक नावाचं हातातलं मशीन ते घेऊनच दुकानातून निघतं. प्रत्येक मोजपट्टी आपल्याच गिऱ्हाइकाला मोजते.

देवगडवाल्यांना यात नवीन काही नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दर मोसमात आमच्या नावाच्या पेटीत भलत्याच मुलखातला आंबा विकला जातो. पण म्हणून देवगडचं नाव उगाच झालं असं कोणी म्हटलं तर मी भांडायला उठेन. त्यामुळे वरचा नंबर म्हणजे नुसती हवा, असंही माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, चाखून बघू.

पहिलं बसवलं ते पुतण्याच्या आवडीचं, आर्च नावाच्या लिनक्सवर बेतलेलं, वरच्या दहातलं एक. नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता. लॅपटॉप असा पळायला लागला की मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. पुतण्या खूश होऊन पुण्याला गेला.

या जातीच्या लिनक्सला आवृत्ती नसते. वरून नवीन सामान सतत येत राहतं आणि ते सगळं एकदम घ्यायचं असतं, अर्धंमुर्धं घेतलं तर बिघडतं. हे शहरात ठीक. आमचं घर आहे खाली आगरात, रेंज आहे वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळावर. मोहोराची फवारणी सुरू झाली आणि मी तीन आठवडे लॅपटॉप उघडलाच नाही. उघडला तेव्हा दीड जीबीच्या वर अपडेट साचलेलं. लॅपटॉप घेऊन सड्यावरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, गेले, फोनचा हॉटस्पॉट लावला, मांगरातल्या एकुलत्या एका प्लगला चार्जर खोचला. उतरवून घ्यायला दुपार गेली. मग बसवणं सुरू झालं, पट्ट्या भराभर पुढे सरकत होत्या, आणि कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, पट्टीवर असताना लाईट गेली. बॅटरी दहा वर्षांची. मी चहाचं भांडं खाली ठेवेपर्यंत स्क्रीन काळी.

परत चालू केलं तर कर्नलची फाइल सापडत नाही, असा निरोप. पुतण्याने फोनवरून दुरुस्ती सांगायचा प्रयत्न केला. पेनड्राइव्हवरून चालू कर, हे टाईप कर, ते टाईप कर. पण त्यालाही परत तेच सगळं सामान उतरवायला लागत होतं, आणि प्रत्येक ओळीनंतर "हॅलो, काकी, ऐकू येतंय का?" अपडेटच्या आधी सिस्टीमची नक्कल ठेवायची सोय असते, तीही मी लावलेली नव्हती. नशीब, गिऱ्हाइकांचे पत्ते वेगळ्या डिस्कवर होते. दुसऱ्या संध्याकाळी मी सगळं पुसून टाकलं.

मग डेबियन. हे १९९३ सालचं, उबुंटू त्याच्यावर उभं, मिंट उबुंटूवर, एमएक्सही डेबियनवर. म्हणजे यादीतली अर्धी नावं एकाच कलमाची. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात फक्त सुरक्षेची आणि दुरुस्तीची अपडेट, आकाराने किरकोळ. आमच्या रेंजला हे मानवणारं. बसवलं आणि वाय-फाय गायब.

यात माझी एक समजूत चुकली होती. पूर्वी डेबियन खुलं नसलेलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचं कंपनीचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्ये देत नसे, २०२२ साली त्यांनी मतदान घेऊन ते बदललं आणि १२ व्या आवृत्तीपासून ते येऊ लागलं, एवढं मी वाचलेलं. म्हटलं, आता अडचण नाही. पण माझ्या वाय-फायच्या चिपला नुसतं फर्मवेअर नाही, सिस्टीमला ती चिप चालवता यावी म्हणून कंपनीचा आख्खा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, आणि तो अजूनही वेगळाच आणावा लागतो. आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला तो ड्रायव्हर हवा. शेवटी फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. लॅपटॉपला वाटलं नेटवर्कची वायरच जोडली. कुठलंही लिनक्स बसवताना ती वायर हाताशी ठेवा, बाकीचे सल्ले विसरलात तरी चालेल.

डेबियन आवडलं मला. ते काढलं ते प्रिंटरमुळे नाही की वेगामुळे नाही. मनात आलं, उद्या ऐन मोसमात हे परत बसवायची वेळ आली, पुतण्याची परीक्षा, फोनची वायर कुणीतरी नेलेली, तर? पेनड्राइव्हवर मिंट पडलेलंच होतं, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं. ते नुसतं चालू करून बघितलं. त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरने वाय-फायचा ड्रायव्हर थेट पेनड्राइव्हमधूनच काढून दिला, इंटरनेट न मागता. तिथेच माझा निकाल लागला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हा लॅपटॉप टिकला तर मी त्याला हार घालीन.

आणि तिसऱ्यांदा सगळं मांडताना एक गंमत लक्षात आली. तोच फायरफॉक्स, तेच लिबरऑफिस, डेस्कटॉपही बहुतेक तोच, रंग आणि चित्र वेगळं. पेटीतला आंबा तोच, भरणारा वेगळा. सामान किती दिवसांनी बदलणार, सोबत काय बांधून देणार आणि अडलात तर कोण भेटणार, फरक एवढ्यातच. या शेवटच्या बाबतीत मात्र लोकप्रियतेला मी मानते. आमचा प्रिंटर म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसला छोटा लेझर. कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय, पण त्याखाली नावं दोन-चारच, उबुंटू, डेबियन वगैरे. तीच फाइल मिंटवर चालली. मध्येच अडलं तेव्हा तोच अडथळा आधी कितीतरी जणांनी ओलांडलेला होता. कमी लोक वापरतात असं एखादं डिस्ट्रो चांगलं असेलही, पण बंद पडल्यावर त्या रस्त्याला रिक्षा मिळत नाही.

लेबलांनी आठवडा खाल्ला. जुनं लेबल छापखान्यातून करून आणलेलं, जुन्या पद्धतीच्या फॉण्टात. ते लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर देवगडच्या जागी रोमन अक्षरांची भेळ. त्यामुळे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीत, नव्याने टाईप केलं. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, फॉण्टही असतात. पण 'खऱ्या देवगडचा' ही आमची ओळ छापली तर 'खर्या' आलं की! य च्या डोक्यावर रफार. मी मनात लिनक्सला चार शिव्या घातल्या, मग कळलं की चूक माझ्या बोटांची. साधा र घ्यायचा नसतो, शिफ्ट दाबून जे, म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. तेव्हा कुठे तो मिशीसारखा वाकडा र आला. विंडोजवरही हेच करायला लागलं असतं, छापखान्यातला मुलगा ते माझ्या नकळत करत होता, इतकंच.

डेबियन वाया नाही गेलं. पॅकिंग शेडमधल्या जुन्या डेस्कटॉपवर ते आहे, फक्त पेट्यांचा हिशोब लिहायला. त्याला इंटरनेटच नाही, आणि त्याची तक्रारही नाही.

मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघायच्या आदल्या दिवशी पुतण्याचा व्हॉट्सअॅप आला, यादीचा फोटो. "काकी, नवीन एक जोरात वर येतंय." मी तेव्हा लेबलांचा कागद प्रिंटरला लावत होते. चौथा कागद अर्धा बाहेर आला आणि लाईट गेली. सासऱ्यांनी तो हळूच ओढून काढला, चष्मा वर करून वाचला. 'खऱ्या देव' एवढंच छापलं होतं. "र बरोबर इलो हां," म्हणाले. बाकीची लाईट आल्यावर काढली, रात्री साडेदहाला.